अकरा वळणांची वाट

एका मोठ्या डोंगराच्या उतरणीवर, एकाखाली एक अशी तीन राने पसरलेली होती. माथ्यावरचे रान गव्यांचे. तिथे गुडघाभर गवत, मोकळा वारा आणि ऐसपैस जागा. पण होळी उलटली की पाणवठे आटू लागत. तळाचे रान रानडुकरांचे. तिथल्या डोहाला बारा महिने पाणी. पण श्रावणात ओढा फुगला की त्यांची पिल्ले वाहून जात. या दोहोंच्या मध्ये तिसरे रान होते. ते सर्वांत लहान आणि सर्वांत दाट. कारवीची झुडपे इतकी गच्च की चार पावलांवर उभा असलेला प्राणीही दिसू नये.

मुलांनो, आपली गोष्ट या मधल्या रानातल्या एका भेकरीची आहे. भेकर ही हरणाचीच एक बुटकी जात. संकट दिसले की ते कुत्र्यासारखे भुंकते. ही भेकरी तर जातीपेक्षाही सावध होती. पान हलले तरी आधी कान टवकारायची आणि मगच पाय उचलायची. म्हणून मधल्या रानातल्या प्राण्यांनी तिला आपली पुढारीण केले होते. मोठ्या शेजाऱ्यांशी बोलायचे, तर तिथे अंगात बळ असलेल्यापेक्षा कान जागे असलेला बरा, असे त्यांचे म्हणणे.

एका वर्षी माथ्यावरचे पाणी लवकरच आटले. गव्यांचा म्होरक्या दोन रानांच्या हद्दीवरच्या सपाट खडकावर येऊन उभा राहिला आणि त्याने भेकरीला बोलावणे पाठवले. काळाभोर, खांद्यावर उंच वशिंड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा तो गवा कमी बोलणारा आणि सरळ चालणारा होता.

तो म्हणाला, "भेकरताई, तुमच्या रानातून खाली डोहापर्यंत वाट पाडायची आहे. इथे उभं राहिलं की डोह दिसतो. नाकासमोर चालत गेलं, तर सकाळी निघालेला कळप ऊन तापायच्या आत पाण्यावर पोहोचेल. दोन गवे शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद वाट पुरे. आमचे बैल दोन दिवसांत पाडतील. तुम्हाला काडीसुद्धा उचलावी लागणार नाही."

भेकरीने त्याच्या नाकासमोर पाहिले. ती सरळ रेघ तिने मनातल्या मनात चालून पाहिली. रेघ आधी म्हाताऱ्या साळिंदराच्या बिळांवरून गेली, मग रानातल्या एकुलत्या एका झऱ्यातून गेली, आणि पुढे ज्या गवताच्या खळग्यात तिचे वीस दिवसांचे पाडस दडून बसले होते, बरोबर तिथून खाली उतरली.

"नाही," भेकरी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, गवेराव. अशी वाट झाली तर आमचं रान उरणारच नाही. नुसत्या वाटेच्या दोन कडा उरतील."

गव्याने नाकातून जोरात श्वास सोडला. मनात आणले असते तर तो बळजबरीने आत शिरला असता. पण त्या कारवीत बिबट्या दबा धरून असे आणि भेकरी भुंकल्याशिवाय तो कोणालाच दिसत नसे. मधल्या रानाचे मन मोडून त्या झाडीत वासरे घेऊन उतरणे म्हणजे विस्तवाशी खेळ, हे त्याला कळत होते. "ठीक आहे," तो म्हणाला. "आम्ही नाळेतून जाऊ." आणि तो पाठ फिरवून निघून गेला.

नाळ म्हणजे कड्याला पडलेली अरुंद, उभी चीर. ती मधल्या रानाच्या बाहेरून थेट खाली जाई. तिथे सावली नव्हती, की पाय रोवायला जागा नव्हती; सगळे सुटे धोंडे.

मधल्या रानात आनंदीआनंद झाला. साळिंदर म्हातारा तर काटे खुळखुळवीत म्हणाला, "बघितलंस? काटा दाखवला की मोठेमोठे मागे सरतात." भेकरीलाही बरे वाटले. पण दुसऱ्या दिवसापासून कड्याच्या बाजूने धोंडे घरंगळल्याचे आवाज येऊ लागले. कधी एक, कधी पाठोपाठ दहा. मध्येच एखादे हंबरणे ऐकू यायचे आणि अचानक तुटायचे. भेकरीचे कान तिकडे वळायचे आणि ती ते मुद्दाम पुन्हा आपल्या पाडसाकडे फिरवायची.

आठव्या दिवशी भरदुपारी कारवी जोरात हलली. भेकरी उडी मारून उभी राहिली. समोर एक गव्याची गाय होती. गाभण, पुढचा एक पाय रक्ताळलेला. नाळेतून भरकटून ती आत आली होती आणि झऱ्याच्या काठाशी येऊन गुडघ्यांवर बसली होती. भेकरीने भुंकण्यासाठी मान वर केली.

"भुंकू नकोस, बाई," गाय म्हणाली. "मला आता पळता येणार नाही."

तिची जीभ कोरडी पडून तोंडाबाहेर आली होती. भेकरीने मान खाली घेतली. "पाणी पी," ती म्हणाली.

गाय प्यायली; पण ओठांच्या टोकांनी, हळूहळू, पाणी न ढवळता. एवढ्या मोठ्या जनावराला इतके जपून पिता येते हे भेकरीने पहिल्यांदाच पाहिले.

"नाळेत किती पडले?" तिने विचारले.

"दोन वासरं," गाय म्हणाली. "एक माझं. मागच्या सालचं."

तिचे पाडस खळग्यात बसल्या बसल्या कान हलवत होते, ते तिला इथून दिसत होते.

थोड्या वेळाने गाय म्हणाली, "आम्हाला तुमचं रान नको होतं गं. वाट हवी होती."

"मग वाट मागायची होती! तुमच्या म्होरक्यानं अख्खं रानच मागितलं."

"त्याला वरून तेवढंच दिसतं. खाली डोह दिसतो आणि मध्ये हिरवं दिसतं. त्या हिरव्यात कोण कोण राहतं, ते वरून कसं दिसणार?"

ऊन उतरल्यावर गाय लंगडत वर निघून गेली. भेकरी झऱ्याकाठी बसून राहिली. आपण नाही म्हणालो यात चूक नव्हती, असे तिला अजूनही वाटत होते. पण नाही म्हणून आपण तिथेच थांबलो. गवा पुढे काय करील याचा विचार आपण केलाच नाही. पाणी काही त्यांच्याकडे चालत जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच ती साळिंदराच्या बिळाशी गेली. "काका, वाट द्यायची म्हणते," ती म्हणाली.

साळिंदराचे काटे ताठ उभे राहिले. "डोकं फिरलं का तुझं? त्यांची वासरं पडली यात आपला काय दोष?"

"दोष नाही, काका. पण उद्या तहानेनं कळप वेडापिसा झाला, तर तो बिबट्यालाही भिणार नाही आणि आपल्यालाही विचारणार नाही. आज ते विचारताहेत. विचारताहेत तोवरच आपल्याला काही सांगता येईल."

"आणि माझी बिळं?"

"तुम्ही माझ्याबरोबर चला. जिथून वाट जायला नको वाटेल, तिथे काटे उभे करा. तिथून आपण वळू."

साळिंदर कुरकुरत निघाला. बिळांशी त्याने काटे उभे केले, वाट वळली. वेताच्या जाळीशी उभे केले, वाट वळली. एका आवळ्याखाली तो उगाचच काटे फुलवून उभा राहिला, तेव्हा भेकरी म्हणाली, "काका, इथे कोण राहतं?" तो म्हणाला, "कोणी नाही. पण आवळे मला आवडतात." तिथेही वाट वळली. झऱ्याच्या वरून न जाता खालून गेली. पाडसांच्या खळग्याला तर तिने इतका लांबचा फेरा घातला की साळिंदरच धापा टाकू लागला. तळाच्या हद्दीवर पोहोचेपर्यंत नऊ वळणे झाली होती.

तिथे रानडुकरांचा म्होरक्या चिखलात लोळत पडला होता. तो पोटाने विचार करणारा, पण मनाचा मोकळा प्राणी होता. भेकरीचे सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "वाटेला माझी ना नाही. पण गवे डोहाच्या वरच्या अंगाला उतरले, तर ते ढवळतील तो सगळा गाळ आमच्या पिल्लांच्या तोंडात. त्यांनी खालच्या अंगाला प्यावं. त्यासाठी वाट जांभळीला वळसा घालून आणावी लागेल."

"म्हणजे आणखी दोन वळणं," भेकरी म्हणाली. "चालेल. आणि दादा, तुम्हाला स्वतःला काय हवं?"

डुकराने कान झाडले. असे त्याला कधी कोणी विचारले नव्हते. "श्रावणात पाणी चढलं की पिल्लं घेऊन वर जाता आलं, तर फार बरं होईल."

"ते गवेरावांना मी विचारीन. पण आमच्या रानातून जाताना कारवीची मुळं उकरायची नाहीत."

"चालता चालता सुद्धा?"

"चालता चालता सुद्धा."

"फार कडक आहेस बुवा! बरं, तुला काय हवं?"

मधल्या रानात मीठ नव्हते. तिथल्या आया पाडसांना पाजून पाजून खंगत आणि दगड चाटत बसत. डोहापलीकडे मात्र खारट मातीचा उघडा उतार होता. "आमच्या आयांना त्या मातीवर येऊ द्या," भेकरी म्हणाली.

"एवढंच? चाटा की! माती काय संपतेय थोडीच!" डुक्कर म्हणाला.

चार दिवसांनी हद्दीवरच्या खडकावर तिघे भेटले. भेकरीने वाट कशी जाईल ते सांगितले. गवा एकेक वळण मनात धरत होता. अकराव्या वळणाला त्याचा धीर सुटला.

"अकरा! पाणी समोर दिसतंय, आणि मी अकरा वेळा त्याच्याकडे पाठ फिरवू?"

"नाळेतून तुम्ही सरळच जाता, गवेराव," भेकरी म्हणाली. "पण सगळे पोहोचत नाहीत."

गव्याने एकदा नाळेकडे पाहिले आणि अकरावे वळणही मनात धरले.

मग रुंदीवरून वाद झाला. भेकरी म्हणाली, गव्यांनी एकामागून एक चालायचे. वाट एका गव्यापुरती. गवा म्हणाला, कळपाचे शेपूट वर असतानाच डोके खाली पोहोचेल, अशाने सकाळ सरेल. तेव्हा डुक्कर म्हणाला, "माझ्याकडची वाट झुडपांखालून जाते, माझ्या पाठीएवढी उंच. तुमची शिंगं अडकतील म्हणून मला वरची झुडपं छाटावी लागणार. मी काही म्हणतोय का?" गव्याने मान डोलावली. श्रावणात डुकरांना माथ्याचा पूर्वेकडचा कोपरा द्यायचेही त्याने कबूल केले. पण गवत उकरलेले चालणार नाही, असे तीनदा बजावले.

"आणि तुमच्याकडून काय?" त्याने भेकरीला विचारले.

"कळप जाईल तेव्हा मी टेकाडावर उभी राहीन. बिबट्या दिसला की भुंकेन. पण तुम्ही सूर्य माथ्यावर यायच्या आत ये-जा उरकायची. संध्याकाळी त्या वाटेवर तो फिरणार, आणि तेव्हा मी माझ्या पाडसापाशी असणार."

ठरले. आठ दिवसांत वाट झाली. वरचा भाग गव्यांनी तुडवला, खालचा डुकरांनी साफ केला, आणि मधल्या भागात कुठले झुडूप काढायचे आणि कुठले ठेवायचे ते साळिंदराने पुढे चालून दाखवले. पहिल्या दिवशी कळप रांगेने उतरला आणि कोणीही न पडता रांगेने वर आला. भेकरी आपले पाडस घेऊन डोहापलीकडे गेली, तेव्हा ते मातीचे खारट ढेकूळ चाटता चाटता सोडेचना.

पण मुलांनो, वाट पाडणे एक आणि ती पाळणे एक. विसाव्या दिवशी ऊन फार कडक होते. झऱ्याजवळच्या वळणावर दोन तरण्या बैलांना खालून पाण्याचा वास आला. वळसा कशाला, म्हणून ते सरळ घुसले. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा घुसले. झऱ्याचा काठ खचला, निवळ पाण्याचा चिखल झाला, आणि कळपाची धाव पाडसांच्या खळग्यातून गेली.

टेकाडावरून भेकरी भुंकली. बिबट्या आला, असे समजून सगळा कळप जागच्या जागी थिजला. धावत उतरून भेकरी खळग्याशी आली. तिचे पाडस जिथे निजत असे, त्या चेपलेल्या गवतापासून दोन हातांवर खुराचा खोल ठसा होता. पाडस तिथेच होते; अंग चोरून, डोळे मिटून, पण जिवंत.

भेकरी तिथून वर आली आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली. समोर गव्यांचा म्होरक्या होता. त्याच्या एका शिंगाएवढीही तिची उंची नव्हती.

"आज वाट बंद," ती म्हणाली.

"बाई, निम्मा कळप तहानलेला आहे."

"माझं पाडस दोन हातांवर होतं, गवेराव."

साळिंदर कुठूनसा दुडदुडत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. त्याने काटे मात्र उभे केले नाहीत. मागून तरण्या बैलांपैकी एक ओरडला, "बाजूला ढकला आणि चला! किती वेळ उभं राहायचं?"

म्होरक्या हळूहळू वळणापर्यंत चालत गेला. चिखल झालेला झरा त्याने पाहिला. मग खळग्याच्या कडेशी थांबून खाली मान घातली. खुराचा ठसा आणि त्यापलीकडे गवतात मिटलेले दोन डोळे. माथ्यावरून त्याने हे रान शंभरदा पाहिले होते. असे कधी पाहिले नव्हते.

तो परत आला. "मागे फिरा," त्याने कळपाला सांगितले.

"पण पाणी..."

"मागे फिरा. आणि तुम्ही दोघे इथेच थांबा. हा काठ होता तसा झाल्याशिवाय तुम्हाला वर यायचं नाही."

ते दोघे बैल संध्याकाळ व्हायच्या आत कपाळाने धोंडे ढकलून काठ बांधून मोकळे झाले. पण पाणी निवळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस निम्म्या कळपाने माथ्यावर वाळके गवत चघळून काढले. कोणी नाळेकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भेकरी टेकाडावर जाऊन उभी राहिली, आणि वाट पुन्हा सुरू झाली. त्यानंतर वळणावर सर्वांत पुढे म्होरक्या स्वतः चालू लागला, म्हणजे मागच्यांना सरळ जायला वाव राहू नये.

श्रावणात ओढा फुगला. रानडुकरांची रांग पिल्लांसह वर चढू लागली. एका पिल्लाने चालता चालता कारवीच्या मुळाशी नाक खुपसलेच. आईने त्याला असा धपाटा दिला की ते उरलेली वाट दोन्ही कान पाडून चालले. माथ्यावर गेल्यावर डुकरांनी पूर्वेचा कोपरा थोडा उकरला, त्यावरून गवे चार दिवस फणफणले. मग डुक्कर म्होरक्याने आपल्या लोकांना दगडाळ बाजूला सरकवले आणि ते भांडण मिटले. त्या पावसाळ्यात डुकरांचे एकही पिल्लू वाहून गेले नाही.

पुढच्या वर्षी, होळीनंतर थोड्या दिवसांनी, गव्यांचा म्होरक्या एकटाच खाली उतरला. पावसात डोंगराचा एक तुकडा घसरून सातव्या वळणावरची वाट तुटली होती. समोर कारवी होती. शिंगे खाली घालून चार धडका दिल्या असत्या तर तिथे नवी वाट झाली असती, आणि त्याला तहानही लागली होती. पण तो तुटलेल्या जागेशी थांबला आणि त्याने हंबरून भेकरीला हाक दिली.

भेकरी आली. "भेकरताई, इथे वाट तुटली आहे," गवा म्हणाला. "कुठून वळवू या?"

भेकरीने आधी कान टवकारले, मग डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. "लगेच नाही सांगता येणार," ती म्हणाली. "उजवीकडे सशांनी बिळं केली आहेत आणि डावीकडे माती भुसभुशीत आहे. चालून बघावं लागेल. खाली डुकरांनाही निरोप द्यायला हवा."

"बघा," गवा म्हणाला. "मी थांबतो." आणि एवढा मोठा गवा, खालून पाण्याचा वास येत असताना, भर उन्हात त्या वाटेच्या कडेला पाय दुमडून बसला.

तात्पर्य : अनेकांच्या उपयोगाची वाट एकट्याच्या नाकासमोर आखता येत नाही; जिथून ती जाते, तिथल्यांना विचारून आणि प्रत्येकाने थोडे वळून आखली, तरच ती टिकते.